शेळ्यांतल्या विषाणूंवर नजर कशी ठेवायची : ठाणे जिल्ह्यातल्या नव्या शेळीपालकांसाठी

येऊरच्या पायथ्याशी दोन वर्षांपूर्वी शेळ्या पाळायला लागलेल्या एका तरुणाने मला विचारलं, "डॉक्टर, न्यूझीलंडमध्ये हरणांचे फार्म असतात म्हणे. आपल्याकडे का नाहीत?" तिथे १९६९ साली कायद्यानेच हरिणपालनाला परवानगी मिळाली. आपल्याकडे चितळ आणि सांबर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे ते पाळायचा विचारही नको. पण त्याचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. फ्लोरिडातल्या पाळीव हरणांत विषाणूंचे जनुकक्रम, म्हणजे त्यांच्या जनुकांतल्या अक्षरांचा क्रम, काढून साथ कुठून आली ते शोधतात, हे त्याने वाचलं होतं. "हे आपल्या शेळ्यांत होईल का?"

होईल. प्रयोगशाळा आपल्याकडे आहेत, तंत्र आहे, माणसं आहेत. अडतं ते गोठ्यात. नमुना उशिरा निघतो, गरम होऊन पोचतो, आणि त्याच्यासोबत आलेल्या कागदावर 'शेळी, मादी, आजारी' यापलीकडे काही नसतं. मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ भागात नव्याने शेळीपालनात उतरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी हे सगळं पायरीपायरीने लिहितो आहे.

विषाणू बदलतो म्हणजे काय होतं

शेळ्यांत सगळ्यात जास्त नुकसान करणारा रोग पीपीआर, म्हणजे शेळ्यांची बुळकांडी. त्याचा विषाणू आरएनएचा, साधारण सोळा हजार अक्षरांचा. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करताना चुका तपासतात, तशी सोय या विषाणूकडे नाही. नक्कल करताना एखादं अक्षर चुकलं की तसंच राहतं, आणि पुढच्या शेळीत तीच चूक जाते. म्हणून मुरबाडच्या शेळीतल्या विषाणूची अक्षरं नाशिककडून आलेल्या शेळीतल्या विषाणूशी ताडून पाहिली, तर दोघांचं नातं किती जवळचं ते कळतं. गावात भावकी ओळखावी तसंच आहे हे.

पीपीआरच्या जगभर चार वंशशाखा आहेत. भारतात सापडतो तो चौथ्या शाखेचा. मात्र शाखा कोणतीही असो, प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने हा विषाणू एकाच प्रकारचा आहे, म्हणून एकच लस सगळ्यांवर चालते. आपल्याकडची लस 'सुंग्री ९६' या भारतीय विषाणूपासून बनवलेली आहे.

लाळ खुरकताचं तसं नाही. त्याचे जगात सात प्रकार, त्यातले ओ, ए आणि एशिया-१ हे तीन आपल्याकडे फिरतात. एका प्रकाराची लस दुसऱ्यापासून वाचवत नाही. एवढंच काय, एकाच प्रकारातही विषाणू बराच बदलला तर जुनी लस कमी पडू शकते. ओ प्रकारातली 'इंड २००१' ही शाखा भारतीय उपखंडातून निघून गेल्या दशकात आखाती देश, उत्तर आफ्रिका आणि आग्नेय आशियापर्यंत पोचली, हे जनुकक्रमामुळेच कळलं. नीलजिव्हा (ब्लूटंग) हा रोग तिसऱ्या तऱ्हेचा. तिच्या विषाणूचा जनुकसंच दहा तुकड्यांत असतो. एकाच शेळीत दोन प्रकार शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होतो. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ची, आणि तीही आपल्या महाराष्ट्रातली. चिलटासारखे चावणारे क्युलिकॉइडिस कीटक ती पसरवतात. हरणांना मारणारा ईएचडी हा विषाणू तिचाच भाऊबंद, आणि पसरतोही त्याच कीटकांमुळे.

शेळ्यांची देवी आणि मावा यांचे विषाणू डीएनएचे आहेत. ते फार हळू बदलतात. तिथे जनुकक्रमाचा उपयोग मुख्यतः नेमका रोग ओळखण्यापुरता.

पहिली पायरी : वही

औषधांचा डबा घेण्याआधी वही घ्या. प्रत्येक शेळीच्या कानात बारा अंकी बिल्ला हवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून तो मारून मिळतो आणि त्याची नोंद 'भारत पशुधन' प्रणालीत होते. वहीत त्या क्रमांकापुढे पाच गोष्टी लिहा : कुठून आली, कोणत्या तारखेला, कुणाकडून, कोणती लस कधी दिली, आणि तिचा बाप कोण.

शेवटची गोष्ट नवख्यांना फालतू वाटते. ती फालतू नाही. विषाणूचं वैविध्य आपल्या हातात नाही, पण कळपाचं आहे. वीस शेळ्या आणि एकच बोकड, तोही चार वर्षं तोच, म्हणजे तो आपल्याच पाटींवर, म्हणजे तरुण लेकींवर उडतो. करडं बारीक राहतात, जास्त मरतात आणि रोग आला की सगळी एकदम खाली बसतात. दीड-दोन वर्षांनी बोकड बदला. नवा बोकड शेजारच्याच वाडीतला नको, कारण तिथला आणि तुमचा बोकड बहुधा एकाच शेळीच्या पोटचा निघतो.

दुसरी पायरी : रोग केव्हा दारात येतो ते ओळखा

आपल्या जिल्ह्यात रोग यायच्या वाटा ठरलेल्या आहेत, आणि वेळाही. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. शेतात मेंढरं बसवणं ही आपली जुनी रीत आहे आणि खतासाठी उत्तमही आहे, पण तुमच्या शेळ्या त्याच शेतात त्याच दिवशी चारू नका. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. तिथल्या गुरांच्या बाजारात कुठून कुठून जनावरं येतात, आणि लाळ खुरकताला बैल काय, शेळी काय, सगळी सारखीच. तिसरी वेळ बकरी ईदच्या आधीची. राजस्थान, मध्य प्रदेशातून बोकडांचे ट्रक येतात. कल्याण-भिवंडीच्या बाजारात न विकले गेलेले स्वस्तात निघतात, आणि नवखा माणूस तेव्हाच खरेदी करतो. ईदची तारीख दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून ही वेळ दिनदर्शिकेत दरवर्षी नव्याने मांडा.

या तिन्ही वेळांच्या किमान महिनाभर आधी पीपीआरची लस झालेली हवी. लस टोचल्या दिवशी संरक्षण मिळत नाही, अंगात ताकद तयार व्हायला तीनेक आठवडे लागतात. करडाला तीन-चार महिन्यांचं झाल्यावर पहिली लस द्यायची.

नवीन आणलेलं जनावर २१ दिवस वेगळं. वेगळं म्हणजे त्याच गोठ्यात दुसऱ्या खुंट्याला नव्हे. वेगळं छप्पर, वेगळं पाण्याचं भांडं, आणि त्यांचं काम घरच्या शेळ्यांचं उरकल्यावर. पीपीआरची लक्षणं लागण झाल्यापासून बहुधा तीन ते सहा दिवसांत दिसतात, कधी दहाव्या दिवशीसुद्धा. लाळ खुरकत शेळीत इतका सौम्य असतो की जराशा लंगडण्यापलीकडे काही कळतच नाही. शेळी बरी दिसते आणि गोठ्यातल्या गायीला रोग देऊन मोकळी होते. म्हणून हे २१ दिवस.

तिसरी पायरी : सकाळी पाच मिनिटं

चारा टाकायच्या आधी फक्त उभं राहून बघा. चारा टाकल्यावर आजारी शेळीही क्षणभर तोंड घालते. कोण मागे उभी आहे, कुणाचे कान पडलेत, कुणाच्या नाकाला ओल आहे?

पीपीआरची सुरुवात अशी असते. निरोगी शेळीचं तापमान साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट, ते एकदम १०४ ते १०६वर जातं. पहिल्या दिवशी नाकातून पाण्यासारखा स्राव येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घट्ट होऊन नाकपुडीवर खपली धरतो. पापण्या सकाळी चिकटलेल्या असतात. ओठ उलटा करून हिरडी बघा : कोंडा भुरभुरावा तसे पांढरट ठिपके, बोटाने पुसले की खाली लाल ओरखडा. मग वास, मग हगवण, मग धाप. गाभण शेळ्या गाभडतात. हगवण सुरू झाल्यावर मला फोन येतो, तेव्हा विषाणू पकडायची सगळ्यात चांगली वेळ निघून गेलेली असते. ताप आणि नाकाचं पाणी, एवढ्यावरच फोन करा.

माव्यात ओठांवर आणि नाकाभोवती जाड, फुलकोबीसारख्या खपल्या येतात. त्याला उघड्या हाताने हात लावू नका, तो माणसाच्या बोटांना होतो. पीपीआर माणसाला होत नाही. शेळी अचानक मेली आणि नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट रक्त आलं, तर ती काळपुळी असू शकते. ते शव कुणालाही फाडू देऊ नका, डॉक्टरलासुद्धा नाही.

चौथी पायरी : डॉक्टर येईपर्यंत

१९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे. त्यावर किंवा तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. अधिसूचित रोगाची शंका आली तर कळवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, तसा २००९चा केंद्रीय कायदाच आहे. लोक घाबरतात की बाजार बंद होईल, शेजारी बोलतील. शेजाऱ्याच्या शेळ्या मेल्यावर तो जास्त बोलतो.

आजारी शेळ्या वेगळ्या करा, पण विकू नका. साथीच्या वेळी आजारी शेळी शनिवारच्या बाजारात विकणारा माणूस एका दिवसात पाच गावांत विषाणू पोचवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गोळ्या-इंजेक्शनं मनाने सुरू करू नका. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. नंतर होणाऱ्या न्यूमोनियासाठी त्याचा उपयोग असतो, पण ते डॉक्टर ठरवतील.

पाचवी पायरी : नमुना

नमुना पशुवैद्यकच काढतील. तुमचं काम जनावर नीट धरणं, कोणती जनावरं निवडायची त्यात मदत करणं आणि लिहिणं. यातलं निवडणं फार महत्त्वाचं आहे. मालक नेहमी सगळ्यात खराब झालेली शेळी पुढे करतो, कारण त्याला ती वाचवायची असते. नमुन्यासाठी मात्र काल ताप चढलेली, अजून चारा खाणारी शेळी हवी. अशा पाच-सहा शेळ्या दाखवा.

डोळ्याच्या आतल्या कडेचा, नाकाचा आणि हिरडीचा असा तिन्ही ठिकाणचा स्वॅब. काडी प्लॅस्टिकची आणि टोक नायलॉनचं किंवा डॅक्रॉनचं असावं. लाकडी काडी आणि साधा कापूस यांच्यामुळे पीसीआर, म्हणजे विषाणूचे अंश शोधणारी तपासणी, बिघडू शकते. स्वॅब विषाणू टिकवून ठेवणाऱ्या गुलाबी रंगाच्या व्हीटीएम द्रावणात बुडवायचा, काडी मोडायची, बूच घट्ट. द्रावण आधीच पिवळं पडलेलं असेल तर ती नळी वापरू नका.

रक्ताच्या दोन नळ्या. जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त गोठू द्यायचं नसतं. हलकेच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, जोरात हलवायची नाही, आणि लगेच थंडीत. लाल बुचाच्या नळीतलं रक्त गोठायला हवं. ती तिरकी ठेवून सावलीत तासभर सोडायची, मगच थंडीत. लाल नळी काढल्या काढल्या बर्फात कोंबली की रक्त नीट गोठत नाही, सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी) लाल होतं आणि नमुना फुकट जातो. फ्रीझरमध्ये तर कुठलीच रक्ताची नळी नको.

लाळ खुरकताची शंका असेल तर नुकत्याच फुटलेल्या फोडाची साल सगळ्यात मोलाची. ती वेगळ्या द्रावणात जाते, कारण हा विषाणू जराशा आंबटपणानेही मरतो. देवी किंवा मावा असेल तर खपली. मेलेल्या शेळीचे अवयव पीसीआरसाठी फॉर्मेलिनमध्ये टाकायचे नाहीत.

आता चिठ्ठी. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरून मी अकरा शेळ्यांचे नमुने पाठवले होते. एका बाईच्या सात शेळ्या, बाकी शेजाऱ्यांच्या. नळ्यांवर कागद चिकटवून मी बॉलपेनने क्रमांक घातले. वाटेत बर्फ वितळला, कागद भिजले, शाई धुऊन गेली. विषाणू सापडला, पण कोणती नळी बाजारातून आणलेल्या शेळीची आणि कोणती घरच्या शेळीची, हे कुणालाच सांगता येईना. ती बाई मला विचारत होती, "मग माझ्या घरात रोग आणला कुणी?" तिच्या सातपैकी पाच मेल्या होत्या. तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर त्या नळ्यांत होतं आणि माझ्या शाईमुळे ते गेलं.

तेव्हापासून मी चिकटपट्टीवर शिसपेन्सिलीने लिहितो. पाण्याने शिसं जात नाही. बिल्ल्याचे शेवटचे चार अंक, तारीख, नमुन्याचा प्रकार. सोबतच्या कागदावर प्रत्येक क्रमांकापुढे : वय, ताप कधीपासून, तापमान, लस कधी, कुठून आणली, गेल्या महिन्यात कुठल्या बाजारात किंवा यात्रेत गेली होती का, शेजारी मेंढरं बसली होती का. गाव आणि पाडा दोन्ही लिहा. हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

सहावी पायरी : थंडी

चार अंश सेल्सियस, गोठ्यापासून टेबलापर्यंत. लसीच्या डब्यात गोठवलेले आइसपॅक. सुटा बर्फ नको. नळी बूच लावून पिशवीत, ती पिशवी कागदाच्या बोळ्यांसह दुसऱ्या डब्यात, तो डबा थर्मोकोलच्या खोक्यात. मे महिन्यात दुपारी मुरबाडहून निघून कल्याणच्या गर्दीत अडकलेली गाडी म्हणजे भट्टीच. नमुने पहाटे काढा, सकाळीच निघू द्या. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला नमुना सोमवारपर्यंत कुठेतरी पडून राहतो, त्यापेक्षा तो रात्रभर चार अंशांवर ठेवा आणि शनिवारी प्रयोगशाळेला विचारून निर्णय घ्या.

नमुना खात्यामार्फत जातो, बहुधा पुण्याच्या औंधला पशुरोग अन्वेषण विभागाकडे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासूनचं आहे, तिथल्या तज्ज्ञांचाही सल्ला मिळतो. पुढे गरज पडली तर खातंच नमुना भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेसारख्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे पाठवतं.

सातवी पायरी : अहवाल वाचणं

'पीसीआर पॉझिटिव्ह' म्हणजे त्या दिवशी त्या शेळीत विषाणूचे अंश होते. 'निगेटिव्ह' म्हणजे रोग नाही असं नव्हे. नमुना आठव्या दिवसाचा असेल किंवा गरम झाला असेल तरी निगेटिव्ह येतो. 'एलायझात प्रतिपिंडं आढळली', म्हणजे रक्ताच्या चाचणीत रोगाशी लढणारे घटक सापडले, यावरून घाबरू नका, आधी वहीत लसीची तारीख बघा. पीपीआरमध्ये लसीमुळे आलेली आणि रोगामुळे आलेली प्रतिपिंडं नेहमीच्या चाचणीत वेगळी करता येत नाहीत. लाळ खुरकतात येतात, त्यासाठी एनएसपी नावाची वेगळी चाचणी आहे.

जनुकक्रमाच्या अहवालात 'चौथी वंशशाखा' एवढंच लिहून आलं तर त्यातून तुम्हाला नवीन काही कळलेलं नसतं, कारण आपल्याकडे चौथीच असते. विचारायचं ते पुढे : आमच्या विषाणूच्या सगळ्यात जवळचा नमुना कुठला, कोणत्या वर्षीचा, किती अक्षरांचा फरक? बहुधा विषाणूच्या एन किंवा एफ नावाच्या जनुकाचा साडेतीनशेच्या आसपास अक्षरांचा तुकडाच वाचलेला असतो. दूरचं नातं सांगायला तो पुरतो, पण दोन शेजारच्या गावांतला फरक दाखवायला पुरत नाही. तिथे पूर्ण जनुकसंच लागतो. इंग्लंडमध्ये २००७ साली लाळ खुरकत उद्भवला, तेव्हा पूर्ण जनुकक्रमामुळेच तो पर्ब्राइटच्या प्रयोगशाळांच्या आवारातून सुटल्याचं आणि पुढे कोणत्या शेतावरून कोणत्या शेतावर गेला ते कळलं. संशोधक तुमचा क्रम सार्वजनिक संग्रहात टाकणार असतील तर तारीख आणि तालुका त्यात घालायची विनंती करा. नुसतं 'भारत, शेळी' लिहिलेला क्रम पुढच्या साथीत कुणाच्या उपयोगाचा नसतो.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी

येऊर, तुंगारेश्वर, माहुली या भागांत शेळ्या आणि चितळ एकाच पाणवठ्याच्या आसपास येतात. बिबट्याच्या भीतीने आपण शेळ्या संध्याकाळी आत घेतो, पण रोग आपल्याकडून तिकडे जाऊ शकतो याचा विचार कुणी करत नाही. मंगोलियात २०१६-१७च्या हिवाळ्यात पीपीआरने सायगा जातीची हजारो हरणं मेली. रोग त्यांना पाळीव शेळ्यामेंढ्यांकडून लागला होता. लस न दिलेली शेळी जंगलाच्या कडेला नेऊ नका. मेलेलं चितळ किंवा सांबर दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला जागा सांगा.

साथ ओसरल्यावर

बहुतेक जण इथे थांबतात. मेलेल्या शेळ्या सहा फूट खोल चुन्यासह पुरल्या, गोठा धुतला, बाकीच्यांना लस दिली, संपलं. पण विषाणू गावात अजून फिरतो आहे का हे कसं कळणार?

त्यासाठी निरोगी दिसणाऱ्या जनावरांचं रक्त तपासायचं. किती, याचं गणित सोपं आहे. मोठ्या कळपसमूहात दहातल्या एकाला लागण झालेली असेल, तर ९५ टक्के खात्रीने निदान एक तरी सापडायला २९ जनावरं तपासावी लागतात. पाचातल्या एकाला असेल तर १४ पुरतात. एकट्याकडे एवढी नसतील, तर गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून हे डॉक्टरांकडे मागावं.

आणि त्यांत कोणती निवडायची? लस दिलेल्या मोठ्या शेळ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं असणारच, त्यातून काही कळत नाही. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं करडाच्या रक्तात चार-पाच महिन्यांपर्यंत टिकू शकतात. म्हणून साथ संपल्यानंतर जन्मलेली, सहा महिने पूर्ण झालेली आणि अजून लस न दिलेली पाट शोधा. डॉक्टर लस द्यायला येतील, त्याच दिवशी सुई टोचायच्या आधी तिची एक लाल नळी भरून घ्या. तिच्यात पीपीआरची प्रतिपिंडं निघाली, तर विषाणू तिच्या जन्मानंतर कधीतरी तुमच्या गोठ्यात येऊन गेला आहे.

तिच्या नळीवर शिसपेन्सिलीनेच लिहा.